पोटाकडचे चामडे

हुडकेश्वर, नागपूर
५ ऑक्टोबर २०२५

चि. आनंदराव यास,
सप्रेम जय भीम.

आधी वस्तुस्थिती, आणि तीही ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने. माझे मत त्यानंतर येईल.

रसायनशास्त्राच्या प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर, गेल्या हिवाळ्यात, मी चामड्याचे काम शिकायला घेतले. वेळ जात नव्हता म्हणून नव्हे; बाजारात मिळणाऱ्या पिशव्यांची शिवण पाहून मला संताप येत असे म्हणून. तुझ्या मुलीने, मेघाने, शिकवणी लावण्याचे सुचवले, ते मी नाकारले. मोबाईलवर जे लोक हे काम करून दाखवतात त्यांच्यातले निम्मे मोजमाप न घेता कापतात, म्हणून तेही बंद केले. चुका करायच्याच असतील तर त्या माझ्या स्वतःच्या असाव्यात, हे माझे धोरण होते.

पहिली वस्तू चष्म्याचे घर. ओले चामडे चष्म्यावरच ताणून बसवले. वाळल्यावर ते असे आवळले की चष्मा सोडवण्यासाठी घर कापावे लागले. दुसरी वस्तू कमरेचा पट्टा. त्याची भोके एका रेषेत नव्हती. ते मला दिसत होते, इतरांना नाही; तरीही तो मी नष्ट केला. तिसरी वस्तू तुझी पिशवी.

बुद्धपौर्णिमेला कोराडीत, तुझ्या घरी, शोभा आणि मेघा यांच्यासमक्ष ती मी तुला दिली. खांद्याला लावायची, पुस्तके मावतील अशी, मोहाच्या फुलासारखी नव्हे तर पिकल्या जांभळासारखी गडद. विहाराच्या वाचनालयासाठी तू जी पुस्तके वाहून आणतोस ती तिच्यातून आणावीस, असे मी स्पष्ट सांगितले होते. तू ती उलटसुलट करून पाहिलीस आणि म्हणालास, "बढिया झाली वं ताई."

यंदाच्या अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीजवळ पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत मी तुला पाहिले. पांढरा सदरा, पांढरी टोपी. तू पुस्तके चाळत होतास. खांद्याला तीच जुनी कापडी झोळी होती, जिचा एक बंद तुटलेला आहे आणि तू त्याला गाठ मारून ठेवली आहेस. मी हाक मारली नाही.

वस्तुस्थिती संपली. आता निष्कर्ष.

माझी पिशवी त्या दिवशी, त्या जागी, समाजाच्या नजरेसमोर खांद्याला लावणे तुला नकोसे वाटले. याचे कारण मी ओळखते. आपल्या आजोबांनी, रुपरावांनी, गावातली मेलेली जनावरे ओढण्याचे काम नाकारले, त्यापायी गाव सोडले, आणि छप्पन्न साली याच शहरात दीक्षा घेतली. त्यांच्या नातीने पुन्हा कातड्याला हात लावावा, हे तुला सहन होत नाही. तू तसे बोलला नाहीस; तू कधीच काही बोलत नाहीस. पण आनंदराव, आजोबांनी कातडे नाकारले नव्हते, त्यांनी सक्ती नाकारली होती. सक्तीने उचललेले ओझे आणि स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मेजावर ठेवलेले चामडे यांतला फरक तुझ्यासारख्या वाचनालय चालवणाऱ्या माणसाला मला समजावून सांगावा लागतो, याचा मला खेद आहे.

तेव्हा माझी भूमिका ऐक. चामड्याला लागलेले हात तुझ्या घरात चालत नसतील, तर १८ जानेवारीला मेघाच्या मंगल परिणयालाही ते हात येणार नाहीत.

फोन करू नकोस. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि विषय बुडतो. कागदावर लिही.

प्रेमिला


कोराडी
११ ऑक्टोबर

ताई, जय भीम.

तुहं स्पीड पोस्ट भेटलं. पोस्टमन सही घेऊन राहिला होता तं शोभा आतून म्हणे, "कोर्टाचं आलं काय जी काही?" म्यां म्हटलं, कोर्टाचं असतं तं वकील तरी करता आला असता. पाकिटावर 'आनंदराव' पाह्यलं अन् आधी गिलासभर पाणी पेलो, मंग फोडलं. तू आनंद लिहितं तेव्हा सगळं ठीक असते, हे मले लहानपणापासून मालूम आहे.

तुहा निष्कर्ष चूक आहे. माह्या पायात काय आहे? चामड्याची चप्पल. कमरेले काय आहे? चामड्याचा पट्टा. खिशात पाकीट कशाचं आहे? मंग मले तुह्या पिशवीचीच लाज काहून वाटन?

पिशवी कपाटात आहे. शोभाच्या चांगल्या साडीच्या कव्हरात गुंडाळून ठेवली. एवढी देखणी चीज त्या गर्दीत नेऊ, लोकांचे धक्के तिले लागू देऊ, वरतून पावसाचा काही भरोसा नाही. जपून ठेवली, हा काय गुन्हा झाला?

अन् आज्याचं नाव मधात काहून आणलं वं? आज्यानं गाव कसं सोडलं हे मले तूच तं सांगतलं, मी चड्डीत होतो तेव्हापासून. त्याच्या नावानं माह्यावर फिर्याद लावतं?

लग्नाचं ते वाक्य मेघाले दाखवलं नाही. पोट्टी आधीच हॉलवाल्याच्या अन् जेवणवाल्याच्या मागं पळून पळून अर्धी झाली. तू तं येशीलच. तुह्याशिवाय माह्याकडून मोठं कोण उभं राहणार आहे तिथं? आपले बाकीचे सगळे गेले. असं लिहू नोको पुन्हा.

शोभाचा जय भीम.

तुहा
आनंद


हुडकेश्वर
१४ ऑक्टोबर २०२५

आनंदराव,
जय भीम. आजच्या, दीक्षेच्या तारखेला तुला असे पत्र लिहावे लागावे, हे माझ्या मनात नव्हते.

तुझ्या उत्तरात दोन तर्कदोष आहेत. चप्पल, पट्टा आणि पाकीट तू दुकानातून विकत घेतोस. दुकानातल्या चामड्याला कोणी जात विचारत नाही. बहिणीने स्वतःच्या मोरीत, स्वतःच्या बादलीत भिजवलेल्या चामड्याला मात्र ती चिकटते, निदान पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. म्हणून तुझे उदाहरण गैरलागू आहे. दुसरा दोष 'जपून ठेवण्या'चा. पिशवी ही वापरायची वस्तू आहे. जी वापरायची वस्तू माणूस कव्हरात गुंडाळून कपाटात घालतो, ती तो जपत नाही, लपवतो.

हे काम मी कोणत्या भावनेने करते, ते तुला कदाचित नीट कळलेले नाही. शहरातल्या महाल भागात ज्या दुकानातून मी चामडे आणते, तिथल्या गृहस्थांनी पहिल्याच खेपेला माझे आडनाव विचारून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, आप लोग तो पढ़-लिख गए. अब ये काम काहे को?" 'आप लोग' म्हणजे कोण, ते त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. मी म्हटले, "पढ़-लिख गए, इसीलिए. अब आपका माल परखकर लेंगे." त्यानंतर त्यांनी माझ्यापुढे सगळा साठा उलगडला, आणि त्यातला सर्वांत नितळ, एकही ओरखडा नसलेला भाग मी तुझ्या पिशवीसाठी स्वतः निवडला. पाठीकडचा भाग त्यांनी पुढे केला होता. त्यावर काट्यांच्या जुन्या खुणा होत्या. मी तो परत केला.

आणखी एक ऐक. हिवाळ्यात एका ओल्या तुकड्याच्या कडा मी लोखंडी चिमट्यांनी धरून ठेवल्या होत्या. वाळल्यावर पाहते तो प्रत्येक चिमट्याखाली निळा-काळा डाग. क्षणभर मी त्या दुकानदाराला दोष दिला. मग हसू आले. बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते, टॅनिनला लोह भेटले की काळा रंग होतो. प्रयोगशाळेत परीक्षानळीत हाच रंग दाखवून मी विद्यार्थ्यांच्या पिढ्या पास-नापास केल्या. तो डाग मी पुसला नाही. तो तुकडा माझ्या मेजावर आहे. माझा विषय निवृत्तीबरोबर संपला नाही, तो माझ्या हातात आला, एवढाच त्याचा अर्थ. यात लाजण्यासारखे काय आहे ते मला दाखव.

आता अट. १८ जानेवारीला, मंगल परिणयाच्या मंडपात, पाहुण्यांचे स्वागत करताना ती पिशवी तुझ्या खांद्याला असेल. आत पुस्तके असतील. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक पुस्तक द्यायचा तुझा बेत शोभाने मला सांगितला आहे, तीच पुस्तके. हे मान्य असेल तर मी येईन. नसेल तर येणार नाही, आणि तेव्हा मेघाला कारण तूच सांगशील.

प्रेमिला


कोराडी
१९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,
जय भीम.

हे पत्र मी बाबांच्या नकळत लिहिते आहे. फोनवर तू मला मधेच थांबवतेस आणि म्हणतेस, "मुद्दा सांग." कागद थांबवत नाही, म्हणून कागद.

मुद्दा असा की पिशवी फाटली आहे.

तुझं दुसरं पत्र बाबांच्या हातात होतं आणि ते आईला म्हणत होते, "आता मंडपात काय लावू खांद्याले? चिंध्या?" तेव्हा मी विचारलं आणि सगळं बाहेर आलं. कपाट उघडून पाहिलं तर पिशवी साडीच्या कव्हरात आहे, हे खरंच आहे. पण तिचा एक कोपरा पूर्ण उघडलेला, शिवणीच्या रेषेवर सरळ फाटत गेलेला. पट्टा इतका लांबला आहे की मी लावली तर ती माझ्या गुडघ्याला लागते. आणि बाबांचा एक पांढरा सदरा आहे, त्याच्या खांद्यापासून कमरेपर्यंत जांभळा पट्टा उमटला आहे. आईने लिंबू, सोडा, ऊन सगळं करून पाहिलं. तो सदरा आता बाबा झाडांना पाणी घालताना घालतात.

म्हणजे दीक्षाभूमीवर, पांढऱ्या कपड्यांवर, ती पिशवी लावून ते जाणार कसे होते, सांग. त्यात आजोबा-पणजोबा काही नव्हते गं. त्यात फक्त रंग होता.

मी त्यांना म्हटलं, "बाबा, सरळ सांगून टाका ना आत्याला." तर म्हणाले, "तिले सांगशील नोको. सतारीचं काय झालं मालूम आहे ना? एकदा बेसूर म्हटलं कोणी, तं माळ्यावर गेली ते आजपर्यंत उतरली नाही. हेही बंद करन ती. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा फोनवर हसून राहिली. राहू दे. माह्यावर रागावली तरी चालन."

आत्या, ते तुझा राग अंगावर घेऊन गप्प बसले आहेत, कारण त्यांना वाटतं की खरं सांगितलं तर तू पुन्हा रिकामी बसशील. मला तसं वाटत नाही. तू रागावशील, भांडशील, पण रिकामी बसणार नाहीस असं मला वाटतं. म्हणून हे लिहिलं. चुकले असेन तर लग्नात सगळ्यांसमोर रागव, पण लग्नाला ये.

तुझी
मेघा


हुडकेश्वर
२३ ऑक्टोबर २०२५

आनंद,
जय भीम.

तुझ्यावर लावलेला आरोप मी मागे घेते. त्याच्या जागी दुसरा ठेवते: तू मला खोटे लिहिलेस.

माहिती कुठून मिळाली हे विचारू नकोस. तुझ्या घरात तुझ्याखेरीज दोन माणसे आहेत, आणि शोभा मला पत्र लिहीत नाही. त्या मुलीला एक शब्दही बोलायचा नाही. तुमच्या घरात मुद्द्याचे लिहिणारी ती एकटी आहे.

सतार मी सोडली, कारण मला सूर नव्हता आणि तो येणारही नव्हता; ते मला तेव्हाच कळले होते. चामड्याचे तसे नाही. चामड्यात चूक दिसते, धरता येते, कापून उघडता येते. जी चूक धरता येते ती मला घालवत नाही. ती मला बांधून ठेवते. एवढ्या वर्षांत माझ्याविषयी तुला एवढेही उमगू नये?

तू वाचवायला निघालास ते काय? माझा उत्साह. आणि त्यासाठी दिलेस काय? पाच महिने मी चुकीच्या पद्धतीने काम करत राहिले, तीच शिवण, तोच रंग, आणखी दोन वस्तूंवर. त्यांतली एक माझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे आहे. ती मला आता परत मागावी लागेल.

पिशवी जशी आहे तशी पाठव. दुरुस्त करू नकोस, पुसू नकोस, शोभाला हात लावू देऊ नकोस. सदराही पाठव. सोबत काय घडले ते लिही. तुझ्या शब्दांत लिही, पण या वेळी खरे.

प्रेमिला


कोराडी
२८ ऑक्टोबर

ताई, जय भीम.

पिशवी पाठवून राहिलो, सदरा पाठवून राहिलो. मेघाले काही बोललो नाही. तिनंच येऊन सांगतलं, "मी आत्याले लिहिलं, काय करता ते करा." 

खरं पाह्यजे म्हणतं तं घे.

जून महिन्यात माह्या ओळखीच्या मधुकररावनं घर बदललं अन् फोन केला, पुस्तकं घेऊन जा म्हणे वाचनालयासाठी. मी तुही पिशवी घेऊन गेलो. ठेसून भरली. बर्डीवरून कोराडीच्या बसमंदी चढलो. बाजूले एक बाबा बसले होते, म्हणे, "पिशवी झकास आहे हो, कुठून घेतली?" झालं. मले तेवढंच पाह्यजे होतं. म्यां सांगाले सुरुवात केली. माही बहीण, पीएचडी, कॉलेजात हेड होती, आता स्वतःच्या हातानं चामडं शिवते, एकेक टाका पहा म्हटलं, मशीन काय करन असा. पुढच्या सीटवरचे दोघं वळून पाहून राहिले. कंडक्टरबी थांबला. मी त्याइले दाखवण्यासाठी पिशवी उचलून मांडीवर घ्याले गेलो, अन् तेवढ्यात कोपरा उघडला. सगळी पुस्तकं खाली. एक तं पार ड्रायव्हरच्या पायापाशी गेलं. ते बाबा पुस्तकं वेचता वेचता म्हणे, "बहीण अजून शिकून राहिली वाटते." सगळी बस हासली वं. मीबी हासलो. घरी येऊन पाह्यलं तं सदऱ्यावर जांभूळ.

पट्टा तं आधीच लांबला होता. पहिल्या दिवशी पिशवी कमरेशी होती, आठवडाभरात मांडीपाशी आली. दोनदा गाठ मारली तं गाठ खांद्यात रुतली. झाकणाचं बटन एका हातानं लागत नाही, बसमंदी दुसरा हात दांड्याले असते. आतमंदी कप्पा नाही, तिकिटं पुस्तकात जाते. वजन, ताई, रिकामी असतानाच अर्ध्या पुस्तकांएवढं. बस. आता पोटात काही ठेवलं नाही.

नाही, एक ठेवलं आहे.

तू जे आज्याचं लिहिलं ते सगळंच खोटं नाही. मार्च महिन्यात मी तुह्या घरी आलो होतो, तू मोरीत बादलीत चामडं भिजवलं होतं. दारातच वास आला. एक घडीभर मले वाटलं, हे परत आपल्या घरात काहून? मंग तू हात पुसत बाहेर आली अन् मले कडा कशा घासायच्या ते सांगाले लागली, चहाबी विचारला नाही. तुह्या तोंडाकडे पाह्यलं अन् ते वाटणं गेलं. म्हणून बसमंदी मी मिरवून राहिलो होतो. लाज असती तं मिरवलं असतं काय? पण ती घडीभर होती, हे तुले न सांगता ठेवणं बरं नाही वाटलं, तू खरं मागितलं म्हणून.

लग्नाचं काय ते अजून लिहिलं नाही तू.

आनंद


हुडकेश्वर
१४ डिसेंबर २०२५

प्रिय आनंद,
सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला, कारण कारणे सापडल्याशिवाय उत्तर देणे मला मान्य नव्हते. आता ती सापडली आहेत. सगळी माझी आहेत, आणि सगळी एकाच स्वभावाची आहेत.

पट्टा का लांबला? जनावराच्या पाठीचे चामडे घट्ट असते, पोटाकडचे सैल. श्वासाबरोबर आणि चाऱ्याबरोबर ज्या कातड्याला आयुष्यभर ताणायचे असते, ते मेल्यावरही ताणत राहते. दोन्हींच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापून मी खिडकीच्या गजाला टांगल्या, खाली पाण्याने भरलेल्या बादल्या अडकवल्या. पाठीकडची जिथल्या तिथे राहिली. पोटाकडची बादली सकाळी जमिनीला टेकलेली होती. मी नितळपणा पाहून पोट निवडले आणि काट्यांच्या खुणा पाहून पाठ नाकारली. देखणेपणावरून निवड केली, आणि तिला परीक्षा म्हटले.

कोपरा का फाटला? बसमधल्या ज्या टाक्यांचे तू कौतुक केलेस, त्यांनीच तो फाडला. मी ते इतके जवळ घातले होते की भोक भोकाला खेटले. टपालाच्या तिकिटांच्या पानाला जशी छिद्रे असतात आणि तिकीट अलगद सुटते, तसा तुझा कोपरा सुटला. आता टाक्यांत अंतर ठेवते. दिसायला ओबडधोबड दिसतात. टिकतात.

रंग का गेला? एकसारखा गडद दिसावा म्हणून मी थरावर थर चढवले आणि वरचा सुटा रंग घासून काढला नाही. तुझ्या सदऱ्याच्या बाहीवर मी नवा रंग ओल्या बोळ्याने घासून पाहिला. बाही स्वच्छ राहिली. सदरा माझ्याकडेच राहील. पुढच्या प्रत्येक रंगाची चाचणी त्यावर होईल.

दुसरी पिशवी केली, तीही तुझ्यापर्यंत पोहोचली नाही. पट्टा पाठीच्या चामड्याचा, पण कडा गोल केल्या नव्हत्या. मी त्यात विटा भरून हुडकेश्वरच्या बाजारापर्यंत चालत गेले आणि खांद्यावर वळ घेऊन परतले. भाजीवालीने विचारले, "बाई, पिशवीत विटा कायले घेऊन हिंडता?" मी म्हटले, "तपासून राहिले." तिने मला एक कोथिंबिरीची जुडी फुकट दिली, बहुधा दयेने.

ही तिसरी. सोबत पाठवत आहे. कप्पा आहे. बटन काढून खोबणीतून सरकणारी वादी लावली आहे, ती एका हाताने लागते. मी दुसरा हात पाठीमागे बांधून खात्री केली. रंग दिलेला नाही, फक्त तेल. पट्ट्यावर एक लांब ओरखडा दिसेल. कुठल्यातरी म्हशीने बोरीच्या काट्यांतून वाट काढली असेल. तो मी झाकलेला नाही. त्या ओरखड्याच्या दोन्ही बाजूंचे चामडे माझ्या साऱ्या तुकड्यांत सर्वांत मजबूत ठरले आहे.

तू शेवटी जे लिहिलेस त्याविषयी. तो एक क्षण माझ्याही वाट्याला आला होता. पहिल्या दिवशी चामडे भिजवले तेव्हा मी बादलीवर पाट ठेवला होता, शेजारच्या दीप्तीला खिडकीतून दिसू नये म्हणून. मग स्वतःलाच विचारले, हे मी कोणापासून झाकते आहे, आणि पाट काढला. दीप्तीने दुसऱ्याच दिवशी विचारले, आणि मी सांगितले. आता ती आपल्या मुलाच्या क्रिकेटच्या बॅटला मूठ शिवून मागते आहे. म्हणून मी तुला दोष देत नाही. तुला जे घडीभर वाटले ते तू मला लिहू शकलास, हे मला पिशवीहून जड आहे, आणि मला ते पेलते.

मेघाच्या मंगल परिणयाला मी येईन. पिशवीचा आणि लग्नाचा संबंध मी जोडला होता, तो जोडणे चूक होते, तो मी तोडला. मंडपात तू काय खांद्याला लावतोस ते तुझे तू ठरव. मी आदल्या दिवशीच येते. शोभाला सांग, मला पाहुण्यांच्या खोलीत नको, मेघाच्या खोलीत झोपायचे आहे.

आता तुझे काम. ही पिशवी घे, पुस्तकांनी ठासून भर, पांढरा सदरा घाल, बर्डीवरून कोराडीची बस पकड. उभा राहून ये. कोणी विचारले तर आता सांगू नकोस की किती चांगली आहे. त्याच्या हातात दे आणि तो काय म्हणतो ते ऐक. मग जे जे खुपले, जे सैल झाले, जे लागले, जे नावडले, ते सगळे लिही. माझ्या रागाचा विचार करू नकोस. माझा राग हा माझा प्रश्न आहे.

मी हे काम सोडणार नाही, हे तुला आज इथे लेखी देते, खाली सही करून. तू माझ्यापासून एकही दोष लपवणार नाहीस, हे मला तुझ्याकडून लेखी हवे, तुझ्या सहीसह, लग्नाच्या आधी. फोन चालणार नाही, मेघाच्या हातचा निरोप चालणार नाही.

तुझी
ताई
(डॉ. प्रेमिला रामटेके)